रोहिणी हट्टंगडी : कस्तुरबाने कारकीर्द घडवली की अडवली?

तिसरी घंटा

धागा काढला आहे, तर थेट मुद्द्यावर येते. 'गांधी' चित्रपटातली कस्तुरबा ही रोहिणी हट्टंगडींची सर्वांत गाजलेली भूमिका. माझ्या मते, हिंदी पडद्यापुरतं बोलायचं तर, सर्वांत महागात पडलेलीही तीच.

तारखा बघा. 'गांधी'चं चित्रीकरण नोव्हेंबर १९८० मध्ये सुरू झालं आणि मे १९८१ मध्ये संपलं. तेव्हा त्या तिशीच्या आतबाहेर. दक्षिण आफ्रिकेतल्या तरुण बायकोपासून २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गेलेल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या कस्तुरबांपर्यंतचा सगळा पल्ला एकाच नटीने गाठला. आता त्याच १९८१ साली रंगमंचावर काय चाललं होतं? विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट', दिग्दर्शक विनय आपटे, आणि मित्रा म्हणून रोहिणी हट्टंगडी. कॉलेजात शिकणारी, दुसऱ्या मुलीच्या प्रेमात पडलेली, आतून जळत असलेली मुलगी. म्हणजे काही महिन्यांच्या अंतराने एकच बाई कॅमेऱ्यासमोर म्हातारी होऊन मरत होती आणि नाटकात विशीची होती. नाटकवाल्यांना त्यात वावगं काही दिसलं नाही. सिनेमावाल्यांनी फक्त म्हातारी पाहिली.

पुढे 'सारांश' (१९८४) मध्ये निवृत्त मुख्याध्यापकाची बायको. 'अग्निपथ' (१९९०) मध्ये वयाने आपल्याहून मोठ्या अमिताभची आई. 'मुन्नाभाई एमबीबीएस' (२००३) येईपर्यंत निदान वय जुळलं होतं, इतकंच.

हिंदीत भूमिका कशा वाटल्या जातात हे उघड आहे. शेवटचं गाजलेलं काम हेच तुमचं ओळखपत्र. निर्मात्याला नटीच्या तालमीशी देणंघेणं नसतं. 'ती म्हातारी छान करते' एवढं त्याच्या कानावर पडलेलं असतं, आणि फोन तेवढ्यासाठीच येतो. शिवाय हा रस्ता एकेरी. नायिकेची आई होता येतं, आईची नायिका होता येत नाही.

कस्तुरबा नाकारायला हवी होती असं मी अजिबात म्हणत नाही. पण ती नुसती डोक्यावर घेण्याआधी जमाखर्च मांडावा.


जुना तिकीटखिडकीवाला

असहमत. जमाखर्च मांडायचाच तर सगळ्या नोंदी धरा ना.

'अर्थ' (१९८२) तुम्ही सोडूनच दिलात. त्यातली मोलकरीण त्यांच्याच वयाची आहे. मुलीच्या शाळेसाठी पै-पै साठवते, नवरा ते पैसे उडवतो, आणि ती त्याचा जीव घेते. त्या भूमिकेला फिल्मफेअर मिळालं. 'पार्टी' (१९८४) मधली मोहिनी बर्वे म्हणजे कारकीर्द विझलेली, दारूला लागलेली नाटकातली नटी. तिला सहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार. 'चालबाज' (१९८९) मधली हावरट काकू तर शुद्ध हसवाहसवी. यातली एकही 'सोशिक म्हातारी आई' नाही.

कामं घटली हे खरं, पण कारण दुसरीकडे शोधा. 'पार्टी'ची निर्मिती एनएफडीसीची, म्हणजे सरकारी चित्रपट विकास महामंडळाची. 'गांधी'तही एनएफडीसीचे पैसे होते. समांतर सिनेमा त्याच सरकारी झऱ्यावर जगत होता. १९८४ पासून दूरदर्शनवर मालिका सुरू झाल्या, घरोघरी व्हिडिओ कॅसेट पोचल्या, आणि हे चित्रपट बघणारा मध्यमवर्ग थिएटरातून उठून घरी जाऊन बसला. स्मिता पाटीललाही १९८२ मध्येच 'नमक हलाल' आणि 'शक्ती' करावे लागले होते. ती तर नायिकाच होती, तिच्यावर कुठला म्हातारीचा शिक्का? झराच आटला म्हटल्यावर घडा कुणाचा ते बघण्यात अर्थ नाही.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. त्या पिढीतल्या नायिकेला पस्तिशीनंतर घरी बसवलं जायचं. १९७८ च्या 'अरविंद देसाई की अजीब दास्तान'पासून आजपर्यंत रोहिणीताई कामात आहेत. चरित्र अभिनेत्रीला दिवस कमी लागतात, त्यामुळे नाटकाच्या तारखा सांभाळता येतात. नायिकेला एका चित्रपटाला साठ-सत्तर दिवस अडकून पडावं लागतं. त्यात शनिवार-रविवारचे प्रयोग कुठून जमणार?


विंगेतून

दोघंही पुरस्कार आणि भूमिकांची यादी मोजताय. मधलं काम, म्हणजे तरुण नटीने म्हातारी उभी करणं, ते नेमकं कसं होतं याबद्दल कुणी बोलत नाही, आणि सगळा वाद तर तिथेच आहे. म्हणून थोडं लांबण लावतो.

हौशी नट म्हातारपण वरून चढवतो: कंबरेत वाक, थरथरता हात, कापरा आवाज. पाच मिनिटांत ते खोटं पडतं. कारण सोपं आहे. म्हातारा माणूस वाकण्याचा प्रयत्न करत नसतो, तो ताठ राहण्याचा प्रयत्न करत असतो. थरथर तो लपवत असतो. नटाने वाकायचं ठरवलं की शरीराचा कल उलटा होतो आणि ते प्रेक्षकाला जाणवतं, त्याला कारण सांगता आलं नाही तरी.

खरं काम सुरू होतं बसण्या-उठण्यापासून. तरुण माणूस न बघता बसतो. साठीपुढचा आधी खुर्चीला पोटरी टेकवतो, एक हात मांडीवर किंवा खुर्चीच्या हातावर ठेवतो, मग वजन सोडतो, आणि शेवटचे दोन इंच धपकन जातात कारण मांडीत तेवढा जोर नसतो. उठताना आधी पुढे सरकणं, पावलं मागे घेणं, मग एक श्वास, आणि मग उठणं. यातला तो श्वास चुकला की पुढचं सगळं सोंग. चालताना पाऊल लहान होतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. वळताना म्हातारा माणूस टाचेवर गर्रकन फिरत नाही, तीन-चार पावलांत वळतो, हे बहुतेक नट विसरतात. मान एकटी फिरत नाही, खांदे सोबत येतात.

मग श्वास. वयानुसार एका श्वासात मावणारे शब्द कमी होतात. तरुणपणी बारा-पंधरा शब्दांचं वाक्य एका दमात जातं, सत्तरीत ते दोनदा तुटतं. कुठे तोडायचं ते अर्थाला धरून ठरवावं लागतं आणि संहितेत पेन्सिलीने खुणा कराव्या लागतात. वाटेल तिथे धापा टाकल्या की तो दम्याचा रोगी होतो, म्हातारा होत नाही.

रंगमंचावर इथेच कात्री लागते. आवाज थकलेला हवा आणि शेवटच्या रांगेत पोचलाही पाहिजे. आवाज बारीक करून हे साधत नाही. व्यंजनं नेहमीपेक्षा ठळक, गती कमी, वाक्याचा शेवट न गिळता. पट्टी एखाद्या सुराने इकडेतिकडे, पण फेक तीच. कॅमेऱ्यासमोर ही अडचण नाही, माइक छातीशी असतो. तिथली अडचण निराळी: चित्रण क्रमाने होत नाही. सकाळी साठीचा प्रसंग, दुपारी तिशीचा, कारण जागा तीच आहे आणि परवानगी दोनच दिवसांची. अशा वेळी नटीला प्रसंगागणिक तक्ता करावा लागतो: वय किती, दुखणं कुठलं, पाऊल केवढं, एका श्वासात शब्द किती. नाटकात वय चढत जातं, शरीर आपोआप सोबत येतं. सिनेमात ते दर वेळी शून्यातून उभं करायचं.

मेकअपचाही सासुरवास आहे. त्या काळी सुरकुत्यांसाठी त्वचा ताणून धरून लॅटेक्सचा (पातळ रबराचा) थर टिपायचे, वाळवायचे, पावडर मारायची आणि मग त्वचा सोडायची. थर आक्रसतो आणि सुरकुत्या पडतात. आपल्या उन्हात घामाने कडा सुटतात. बारीक हावभाव थराखाली मरतात, आणि नटी ते भरून काढायला चेहरा जास्त हलवते, मग आणखी बिघडतं. मान आणि हातांचे पंजे राहून गेले तर चेहरा सत्तरीचा आणि हात पंचविशीचे. 'गांधी'ला मेकअपसाठी ऑस्कर नामांकन होतं, म्हणजे तो भाग चोखच होता. पण बांच्या शेवटच्या आजारपणात दिसतो तो थकवा मेकअपने येत नाही. आश्रमात संडास साफ करण्यावरून नवऱ्याशी भांडणारी बा आणि नंतर परदेशी पत्रकारासमोर लग्नातली वचनं पुन्हा म्हणून दाखवणारी बा एकाला एक लावून बघा. दुसरीत हालचाल निम्म्यावर आली आहे आणि डोळे मात्र जास्त बोलतात. म्हणजे तक्ता पक्का होता.

तेव्हा 'अडवली' म्हणताना हे लक्षात ठेवा: दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात, नाट्यगुरू इब्राहिम अल्काझींच्या हाताखाली, कर्नाटकातलं यक्षगान आणि जपानी काबुकी यांसारख्या शरीराला घाम फोडणाऱ्या शैली केलेल्या नटीलाच हे जमतं. भूमिका नशिबाने पदरात पडली नव्हती.


तिसरी घंटा

विंगेतून, प्रतिसाद उत्तम, पण तुम्ही माझीच बाजू भक्कम केलीत! इतकं अवघड कसब ज्या हाती आहे, त्या हाताला पुढची वीस वर्षं 'बेटा, खाना खा ले' आणि इस्पितळाच्या खाटेशेजारी बसून रडणं? सोनाराकडून खिळे ठोकून घ्यायचे आणि म्हणायचं, काम तर चालू आहे ना.

तिकीटखिडकीवाले, 'पार्टी'बद्दल मान्य. पण तिथे भूमिका कोणती आली तेही बघा. नाट्यसृष्टीतली मागे पडलेली नटी! आणि तीही महेश एलकुंचवारांच्या नाटकावरून, गोविंद निहलानींनी केलेली. म्हणजे रंगभूमीनेच रंगभूमीच्या नटीला दिलेलं काम, निधी सरकारचा. व्यावसायिक हिंदी सिनेमाने काय दिलं ते सांगा.


अर्धा कप कडक

मूळ वादात पडत नाही, पण दोन समज नेहमी चुकीचे पसरलेले असतात म्हणून.

एक, त्यांना ऑस्कर मिळालेलं नाही आणि नामांकनही नव्हतं. 'गांधी'ला ११ नामांकनं आणि ८ ऑस्कर. अभिनयासाठीचं एकमेव नामांकन बेन किंग्जली यांचं. रोहिणीताईंचा पुरस्कार बाफ्ता, म्हणजे ब्रिटिश चित्रपट पुरस्कार, सहाय्यक अभिनेत्री विभाग, १९८३ चा सोहळा.

दोन, तो 'अर्धा' पुरस्कार नव्हे. त्या वर्षी 'रेड्स'साठी मॉरीन स्टेपल्टन आणि 'गांधी'साठी रोहिणी हट्टंगडी बरोबरीत आल्या. बरोबरी झाली की दोघीही पूर्ण विजेत्या. आपल्याकडे 'विभागून' म्हटलं की बक्षिसाची रक्कम निम्मी होते, त्यावरून हा घोळ होत असावा.

अवांतर: कस्तुरबा 'सहाय्यक' विभागात का, असं कुणीतरी दरवेळी विचारतं. १९१ मिनिटांच्या चित्रपटात शीर्षकभूमिका एकाचीच, गांधींची आहे, म्हणून. बाकी चालू द्या.


जाड भिंगाचा चष्मा

'सारांश'चं उदाहरण कुणी नीट सोलत नाही. तिथे पुरावा आयता आहे.

एकाच चित्रपटात दोन तरुण नट म्हातारे झाले. अनुपम खेर तेव्हा २८ वर्षांचे. रोहिणी हट्टंगडी त्यांच्याच पिढीच्या. दोघेही राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे. दोघांनी तेच कसब वापरलं, एकाच घरात, एकाच दुःखावर: परदेशात मारला गेलेला मुलगा. खेरांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं. पुढच्या पाच-सहा वर्षांत त्यांना 'कर्मा'त खलनायक मिळाला, 'राम लखन'मध्ये विनोदी कंजूष, 'डॅडी'त मध्यवर्ती बाप. म्हातारा गाजला, पण म्हाताऱ्याचा शिक्का पुसायला लोकांनी त्यांना जागा दिली. बाईच्या बाबतीत 'चालबाज' हा एक अपवाद दाखवून तिकीटखिडकीवाले समाधान मानतात.

तेव्हा धागाकर्तीशी निम्मं सहमत. नुकसान झालं. पण दोषी कस्तुरबा नाही. खेरांचा मास्तर जर कुणाला नडला नाही तर बांना का दोष द्यायचा? त्या काळच्या पटकथांत पस्तिशीपुढच्या बाईला नाती होती, धंदा नव्हता. वकील पुरुष, पोलीस पुरुष, गुंड पुरुष, दारुडा पुरुष, विदूषक पुरुष. बाईला आई, सासू, विधवा आणि क्वचित कोठेवाली. शिक्का मारायला एवढे चारच ठसे होते.


जुना तिकीटखिडकीवाला

चष्मेवाले, हे मान्य करावं लागेल. ठसे चारच होते हे शब्दशः खरं आहे. पण यातून धाग्याच्या शीर्षकाचं उत्तर 'अडवली' येत नाही. उलट असं येतं की कस्तुरबा नसती केली तरी चारच ठसे होते, फक्त बाफ्ता नसता.


बाल्कनी क-१४

तुलना करायचीच तर भक्ती बर्वेंशी करा. त्यांनी दुसरा रस्ता धरला.

सुधा करमरकरांच्या बालरंगभूमीतून आलेल्या, मुंबई दूरदर्शनवर बातम्या देणाऱ्या भक्ती बर्वे १९७५ मध्ये 'ती फुलराणी' झाल्या आणि हजाराहून जास्त प्रयोग ते काम करत राहिल्या. हिंदीत लोक ओळखतात ते १९८३ च्या 'जाने भी दो यारों'मधल्या संपादिका शोभा सेनमुळे. १९९० चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला; रोहिणीताईंना तोच २००४ मध्ये. म्हणजे रंगभूमीच्या दरबारात भक्ती बर्वे चौदा वर्षं आधी.

फुलराणीत काय कसब लागतं ते विंगेतून यांच्या पद्धतीने सांगायचं तर: नाटकातल्या फुलवाल्या मंजुळाची बोली सुधारत जाते, पण एकसारखी नाही. 'पानी'चं 'पाणी' व्हायला लागतं तेव्हा आधी उच्चार सुधारतात, मग शब्द, आणि विषय सर्वांत शेवटी. मधल्या टप्प्यावर ण आणि न अचूक, पण बोलते आहे ती अजून झोपडपट्टीच्या भानगडी. हशा त्या फटीतून येतो. नवख्या नट्या बोली जिन्याच्या पायऱ्यांसारखी चढवतात आणि मधला अंक सपाट होतो. आणखी एक, रागात जुनी बोली परत उसळली पाहिजे, पण सगळी नाही. दोन-तीन शब्दच. पाचवा शब्द घसरला की पात्र मागे गेलं. हे हजारवेळा तोलायचं, तेही समोर सतीश दुभाषींसारखा नट असताना.

आणि आता? फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या अपघातात त्या गेल्या. रंगमंचावरचं ते काम ज्यांनी पाहिलं त्यांच्यापाशी राहिलं. चाळीस वर्षांनी जन्मलेल्या मुलाला कस्तुरबा जशीच्या तशी बघता येते. म्हणून 'पडद्याने नुकसान केलं' हे वाक्य मला जड जातं. टिकलं ते पडद्यामुळेच.


विंगेतून

क-१४, टिकण्याबद्दल बरोबर, पण नाटकाचं चित्रण म्हणजे नाटक नव्हे एवढं जोडतो. आपल्याकडे व्यावसायिक नाटकाचं चित्रण बहुधा रंगमंचाच्या कडेला ठेवलेल्या आणि वर टांगलेल्या माइकवर होतं. नटी नेपथ्याकडे तोंड करून एक वाक्य म्हणाली की आवाज अर्धा गेला. प्रकाश डोळ्यांसाठी लावलेला असतो, कॅमेऱ्यासाठी नाही. चेहरा पांढरा फटक आणि मागची भिंत काळी. त्यात हशासाठी थांबलेली दोन सेकंदं घरी बसून बघताना नटी वाक्य विसरल्यासारखी वाटतात. तेव्हा ध्वनिचित्रफितीवरून रंगभूमीच्या नटीला जोखणं म्हणजे वाळलेल्या जाईवरून वास ठरवणं.

आणि 'गांधी'तल्या रोहिणी हट्टंगडी 'नाटकातल्या असूनही' चांगल्या, हा सूर काही समीक्षेत असतो, तो चुकीचा आहे. नाटकवाल्याला कॅमेऱ्यासमोर 'कमी कर' सांगतात आणि तो आवाज-हालचाल दोन्ही कमी करतो, सोबत हेतूही कमी होतो. मग पडद्यावर नुसता गप्प बसलेला माणूस दिसतो. कमी करायचं असतं ते अंतर. रंगमंचावर शेवटच्या रांगेशी बोलतोस, इथे समोरच्याशी बोल, बास. आतली निकड तेवढीच राहिली पाहिजे. क्लोज-अपमध्ये पापण्या फार लवल्या की ती निकड फुटते, हा एक वेगळा सराव आहे आणि तो महिन्यात जमतो. निकड मात्र तालमीतूनच येते.


दुपारचा शो

सगळे हिंदी सिनेमा आणि रंगभूमी धरून बसले आहेत. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य घरांत रोहिणी हट्टंगडी म्हणजे 'चार दिवस सासूचे'! ई-टीव्ही मराठीवर २००१ ते २०१३, तीन हजारांहून जास्त भाग. नंतर 'होणार सून मी ह्या घरची' मधली आईआजी. कारकिर्दीचा एवढा मोठा तुकडा धाग्यात नाही, कारण मालिकेबद्दल बोलणं आपल्याला कमीपणाचं वाटतं.

आणि खरं नुकसान कुठे होत असेल तर ते इथे. रोज २०-२२ मिनिटांचा मजकूर काढायचा, बारा-तेरा तासांची पाळी, प्रसंगाचे कागद बऱ्याचदा सेटवरच हातात येतात. तालीम म्हणजे एकदा वाचन आणि एकदा उभं राहून जागा पक्क्या करणं. वाक्य झालं की प्रत्येकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा. पाच-सहा सेकंद तसंच थांबायचं, वर संगीत चढणार. आत काही घडत नसताना चेहरा धरून ठेवायची सवय लागते. तीच सवय घेऊन नटी नाटकात गेली की सहकलाकाराचं वाक्य संपल्यावर एक ठोका उशिरा प्रतिक्रिया देते आणि प्रयोग पाच-सात मिनिटांनी लांबतो. मालिकेतून आलेल्या नव्या नट्यांत हे सर्रास दिसतं. दुसरी खोड म्हणजे अंगावर माइक असल्याने वाक्याचा शेवट गिळणं. ती मोडायला दोन-तीन आठवड्यांच्या तालमी जातात.

रोहिणीताईंचं हे झालं नाही, असं माझं मत. कारण मालिकेपूर्वी वीस वर्षांचं रंगमंचाचं गाठोडं होतं: स्पॅनिश नाटककार लोर्काच्या 'येर्मा'वरून केलेली 'चांगुणा', नंतर पती जयदेव हट्टंगडींनी बसवलेला एकपात्री 'अपराजिता'. एकपात्रीत सहकलाकार नाही, प्रॉम्प्टिंगचा आधार जवळपास नाही, विसरलात तर सावरणारं कुणी नाही. ती मेहनत केलेल्या नटीचं मालिका फार वाकडं करू शकत नाही. पण वेळ खाते, हे नक्की. त्या बारा वर्षांत किती नाटकं झाली असती?


जुना तिकीटखिडकीवाला

किती झाली असती? व्यवहाराने उत्तर द्या मग. व्यावसायिक नाटकात नटाला पैसे प्रयोगामागे मिळतात, 'नाईट' म्हणतो आपण. प्रयोग रद्द, तर नाईट रद्द. परीक्षा आणि पावसाळ्यात बुकिंग झोपतं. तालमीचा महिना-दीड महिना बहुधा विनामोबदला किंवा नाममात्र. दौऱ्यावर बसने रात्रभर प्रवास. प्रायोगिक नाटकात तर खिशातलेच जातात. मालिका महिन्याला ठरलेले दिवस देते. त्या पैशावर नट एखादं न चालणारं नाटक करू शकतो. मालिकेला शिव्या घालणाऱ्यांनी हा भागही मोजावा.


तिसरी घंटा

पैशाचा मुद्दा मी कधीच नाकारला नाही. नट जगला पाहिजे. माझी तक्रार एवढीच की ज्या नटीने १९८१ साली मित्रा केली तिला पडद्यावर मित्रासारखं काही पुन्हा मिळालं नाही. चष्मेवाल्यांचं पटलं, दोष बांचा नाही, ठशांचा आहे. शीर्षकातलं 'कस्तुरबाने' काढून 'पटकथांनी' घालते हवं तर. 'अडवली' मात्र राहील.


विंगेतून

शीर्षक बदलण्याआधी 'चारचौघी' आठवा. प्रशांत दळवींचं मूळ नाटक १९९१ चं, चंद्रकांत कुलकर्णींचं दिग्दर्शन. आईच्या भूमिकेत तेव्हा दीपा श्रीराम होत्या. २०२२ मध्ये ते पुन्हा उभं राहिलं आणि आई झाल्या रोहिणी हट्टंगडी. मुक्ता बर्वे, कादंबरी कदम आणि पर्ण पेठे मुली. आता वय मोजा. थोरली संसारी, धाकटी लग्नाच्या वयाची, म्हणजे आई फार तर साठीची धरावी लागते. रोहिणीताई सत्तरीच्या घरात. तिशीला चौऱ्याहत्तर केलेल्या बाईला इथे आपल्या वयाहून दहा वर्षांनी लहान व्हायचं होतं.

हे म्हातारी करण्यापेक्षा अवघड असतं, कारण इथे घालायचं काही नसतं, लपवायचं असतं. उठण्याआधीचा तो श्वास आता खरोखरच लागतो. मग तो वाक्याच्या आत घालावा लागतो, बोलता बोलता उठायचं म्हणजे प्रेक्षकाला दिसत नाही. खुर्ची इतरांपेक्षा जरा उंच निवडायची, बसण्याची जागा टेबलाजवळ म्हणजे हाताला आधार नैसर्गिक वाटतो. लांब उभं राहण्याचे प्रसंग एखाद्या वस्तूच्या मागे. आवाज तरुण करायला जायचं नाही, तिथे लगेच पकडले जातो. गती मात्र राखायची, विशेषतः दुसऱ्याचं वाक्य तोडून बोलण्याच्या जागी. थकलेला नट तिथेच अर्धा ठोका मागे पडतो. आणि तीन अंकी नाटकात तिसऱ्या अंकाचा दम पहिल्या अंकात वाचवून ठेवावा लागतो.

आणि हीसुद्धा आईच, हे खरं. पण लग्नाच्या चौकटीबाहेर राहून तीन मुली वाढवलेली, स्वतःच्या निर्णयाची किंमत मोजलेली, नोकरी केलेली आई. चार ठशांपैकी एकातही बसत नाही. १९९१ मध्येही नाटकात ती लिहिली गेली होती. हिंदी पडद्याच्या पटकथेत त्याच सुमारास 'अग्निपथ'ची आई होती.


तिसरी घंटा

म्हणजे नाटकाने १९८१ ला दिलं, १९९१ ला लिहिलं, २०२२ ला पुन्हा दिलं. ठीक आहे. 'हिंदी पडद्याने अडवली' असं करते.